हात वर केला म्हणून

अन्याय झाला तो माझ्यासोबतच्या सरांवर. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळचा चहा यायच्या थोडं आधी, समुद्रपूर रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये. त्यांचा गुन्हा असा, की प्रश्न विचारायला त्यांनी हात वर केला.

बाकीचं सगळं यातूनच निघालं, म्हणून हे आधी सांगून टाकलं. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायची. वसतिगृहाचं पाणी, बसचे पास, वाचनालयाला लागलेलं कुलूप. कोणावर, कधी, काय झालं हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, असं आमच्यातली मोठी ताई सांगायची. बस स्टँडवर पत्रक घेणारा माणूस पहिली ओळ वाचतो आणि मग त्याच कागदात चिवडा बांधतो. ती ताई आता लग्न होऊन पुण्याला असते. पत्रकं वाटणारे नागपूरला गेले, कोणी बँकेत लागले, कोणी नुसतेच गेले. लिहिणारी तेवढी मी वर्ध्यात उरले. पिपरी मेघेत एक खोली घेऊन राहते आणि पवनारच्या अलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमची पोरं भाजीवाल्यांची. आई-बाप वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन पहाटे बाजारात जातात, आणि पोरं डोळ्यांत झोप घेऊन पहिल्या तासाला येतात.

या दिवाळीत आमच्या भागात शिक्षकांसाठी एक फेलोशिप आली. शिक्षकानं सुट्टीत एखाद्या कारखान्यात जायचं, तिथलं काम पाहायचं, जमेल तिथं हात लावायचा, आणि शाळा सुरू झाल्यावरही संक्रांतीपर्यंत दर रविवारी जात राहायचं. वर्गात शिकवतो ते विज्ञान बाहेर कसं राबतं, ते शिकवणाऱ्याला कळावं. कल्पना चांगली आहे. मी तिच्या विरुद्ध नाही, हे इथंच सांगते, कारण मी तोंड उघडलं की लोक धरूनच चालतात, ही विरुद्ध असणार. शेवटपर्यंत टिकलेल्या शिक्षकाची शाळा त्या कारखान्याची 'जोडशाळा' होणार होती. म्हणजे त्या शाळेच्या नववीला हंगाम चालू असताना एक दिवस आत येऊन सगळं पाहता येणार. नाहीतर कारखान्याच्या फाटकातून पोरांना कोण आत घेतं?

मला आणि सरांना एकच जिनिंग मिळाली. शेतातला कापूस इथं येतो, रेच्यात म्हणजे बी वेगळं करणाऱ्या यंत्रात पडतो, सरकी एका बाजूला आणि रुई एका बाजूला होते, रुईच्या गाठी बांधून बाहेर जातात. जुनी जिनिंग होती. रेच्यांच्या रांगेमागं ओट्यावर बाया उभ्या असतात आणि हातानं कापूस आत सारतात.

सर समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेतले. निवृत्तीला आलेले. मीही विज्ञानाची, तेही विज्ञानाचे, पण मी पुस्तकातून शिकवते आणि ते खिडकीतून शिकवतात. बाहेर जे दिसेल ते. फोनवरसुद्धा शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं बोलायचे. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि एरवी बेटा. पहिल्याच दिवशी फाटकाजवळ उभं राहून मला म्हणाले, "बेटा, माह्या वर्गातल्या पोरायच्या घरचा कापूस दरसाल ह्याच फाटकातून आत जाते. पोरगं बैलबंडीवर बसून येते इथलोक. मंग वाचमन म्हणते, उतर खाली. कापूस आत अन् पोरगं बाहेर. मी बी असाच उतरलो होतो एका टायमाले." मग हसले. "मी नववीले सांगून आलो, का ह्या साली तुमाले आत नेतो. पक्कं."

पक्कं म्हणाले होते. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी आमचा सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. गळ्यात हार घालून आम्ही कापसाच्या गंजीसमोर उभे राहिलो आणि फोटो निघाले. मॅनेजर साहेब बोलले, की गुरुजन आमच्या दारी आले, दार पावन झालं. माणूस वाईट नाही. पोट सुटलेला, हसरा, सारखा चहा पाजणारा. भाषण झाल्यावर त्यांनी आम्हाला शेडच्या दाराशी, सावलीत, दोन गादीच्या खुर्च्या टाकून दिल्या.

"बसा न सर. मॅडम, बसा. काऊन उभे राहून राह्यले?"

आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसलो. चहा आला, बिस्किटं आली, दुपारी पोहे आले. उठून आत डोकावलं की कोणीतरी धावत यायचं आणि खुर्चीकडं हात दाखवायचं. पाहुणा उभा राहिला तर आमच्याकडं घरच्यांना कमीपणा वाटतो, आणि इथं आम्ही पाहुणे होतो. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटा, आपण शिकायले आलो का लग्नाले?"

मी म्हटलं, "लग्नालेच, सर. अन् आपण नवरदेवाकडचे."

गुरुवारी त्यांना बसवेना. ते उठले आणि सरळ शेडमध्ये गेले. मी मागोमाग. आतला आवाज कानांत ऐकू येत नाही, दातांत ऐकू येतो. रुईचे तंतू हवेत तरंगत होते, खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती ती पण पांढरी दिसत होती. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया वर न पाहता कापूस सारत होत्या. सर त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत हिंडत होते. भिंतीपासून एका खांबापर्यंत चालत गेले, खांबाजवळ थांबले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, परत चालत आले. मग एका वयस्क बाईला काही विचारायला गेले. जिनिंगमध्ये सगळे तिला मावशी म्हणतात. तिनं कानाला बोट लावून मान हलवली. सरांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथं स्विचबोर्डाशी फिटर उभा होता आणि त्याचं लक्ष सरांकडंच होतं.

आवाज पोचणार नव्हता. मग सरांनी तेच केलं जे आयुष्यभर पोरांना शिकवलं. ताठ उभे राहिले आणि उजवा हात सरळ वर केला. पंजा उघडा. पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखा.

फिटरनं मेन स्विच ओढला.

सगळे रेचे थांबले. पट्टे थोडं फिरत राहिले, मग तेही थांबले. त्या शांततेत पहिल्यांदा बायांचे आवाज ऐकू आले. "कुठं? कुठं वं?" कोणी ओट्यावरून उडी टाकली, कोणी वाळूची बादली उचलली, एक माणूस अंगणातल्या पाण्याच्या टाक्याकडं पळाला. आणि या सगळ्यात सरांचा हात वरच होता. नाव घेतल्याशिवाय हात खाली करायचा नाही, हे तेच शिकवतात ना.

डोक्याच्या वर उघडा पंजा म्हणजे आग. जिनिंगमध्ये ओरडून कोणाला ऐकू जात नाही. कापसासोबत एखादा खडा, एखादा खिळा रेच्यात गेला, ठिणगी पडली, की बघता बघता सगळं जातं. म्हणून ही खूण. तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आम्हा दोघांना सोडून प्रत्येकाला.

काय झालं ते कळल्यावर मावशीनं तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाली, "अवो सर, तुमच्या शाळेत हात वर केला त मुतायले जाऊ देते. इथं हात वर केला त बंब येते!"

सगळ्या बाया हसल्या. सर पण हसले, पोटभर हसले, आणि हसता हसता त्यांना मॅनेजर येताना दिसला.

ऑफिसात सर उभे होते. त्या दिवशी त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

"सर, तुमी काऊन हात वर केला?"

"प्रश्न होता साहेब."

"प्रश्न होता त ऑफिसात विचाराचा होता न. समद्या रेच्यात कापूस गच्च बसला. फिटर एकेक खोलून राह्यला आता. मालकाचा फोनावर फोन येऊन राह्यला."

"चुकलं साहेब."

"सर, तुम्ही नाही चुकले," मी म्हटलं. "साहेब, ही खूण आम्हाला कोणी सांगितली होती?"

"मॅडम, हे का सांगा लागते? इथं सगळ्यायले माहीत असते."

"आम्ही इथले नाही. म्हणूनच तर आलो."

"म्हणूनच त खुर्ची देल्ती तुमाले!"

हे ते ओरडून नाही म्हणाले. खरंच कळत नव्हतं त्यांना, की एवढी खुर्ची दिल्यावर माणूस उठतो कशाला. आणि मी एक सांगते. आगीची भीती खोटी नाही. फिटरनं स्विच ओढला ते बरोबर केलं. मॅनेजर चिडले तेही मला कळतं. पण नारळ द्यायला वेळ होता. शाल द्यायला, फोटो काढायला, भाषणाला वेळ होता. हात वर करून 'हे बघा, ही आमची आग' एवढं दाखवायला कोणाकडं वेळ नव्हता. मान दिला की शिकवायची जबाबदारी संपते, ही आमच्या भागातली जुनी खोड आहे. त्या दिवशी तिची शिक्षा सरांना झाली.

संध्याकाळी फेलोशिपच्या समन्वयक बाईंचा नागपूरहून फोन आला. सुरक्षेचा प्रश्न आहे, सरांच्या वयाचाही विचार केला, त्यामुळं सरांना यापुढं न पाठवण्याचं ठरलं आहे.

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी मिळून, मॅडम."

सगळ्यांत मी नव्हते आणि सर नव्हते.

"आणि त्यांची शाळा?"

"फेलोशिप पूर्ण झाली नाही ना मॅडम. मग जोडशाळा कशी होणार?"

दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी एकच खुर्ची होती.

त्यानंतरचे दिवस मी एकटीनं काढले. ज्या जागी कोणी बोलू शकत नाही तिथं एकटं असणं वेगळं असतं. शाळेत मी एकटी असते तरी आवाज असतो, कोणी बाकं ओढतं, कोणी तक्रार घेऊन येतं. इथं सगळ्या बाया एकमेकींशी दिवसभर बोलत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला एक शब्द कळत नव्हता. गालावर बोट, कपाळाला मूठ, पोटावरून फिरवलेला हात. मध्येच तीन-चार जणींचे खांदे हसून हलायचे. कशावर, ते मला कोण सांगणार?

जेवायला त्या कडुनिंबाखाली गोल करून बसायच्या. पहिल्यांदा मी डबा घेऊन गेले तर एकीनं उठून धावत माझी खुर्ची आणली.

"खाली नोका बसू मॅडम. कपडे खराब होते."

मी खुर्चीत बसले. त्या खाली. मला वरून त्यांचे भांग दिसत होते आणि बोलणं बंद पडलं होतं. माझी भाकर मी मांडीवर ठेवून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी कोणी आणायच्या आत जमिनीवर बसले, तर त्यांनी सरकून जागा करून दिली. इतकी ऐसपैस, की त्या गोलात मीच एकटी दिसत होते. ठेच्याची वाटी फिरायची, माझ्याजवळ यायची तेव्हा तिच्यात चमचा असायचा. बाकी कोणासाठी चमचा नव्हता.

शेवटी मीच मावशीला म्हटलं, "मावशी, मले खुणा शिकव. सगळ्या."

"तुमाले काय करा लागते मॅडम खुणा?"

"आग लागली तर मले कसं कळल?"

हे तिला पटलं. त्या जेवणाच्या सुट्टीत आणि पुढच्या कितीतरी सुट्ट्यांत तिनं मला शिकवलं. चिमूट चोळली की सरकी. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन मुठी एकमेकींवर फिरवल्या की रेचा अडकला. पोटावरून हात फिरवला की मॅनेजर आला. मी हसले तशी तीही हसली.

"अन् ही कोणती?" मी विचारलं. एका तळहातावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवायची एक खूण मी दिवसभर पाहत होते.

मावशी जरा लाजली. "थे तुमची हाय."

"माझी?"

"मॅडम येऊन राह्यली, असं. लिवणारी."

माझी खूण होती आणि मला ती माहीत नव्हती. आधी बरं वाटलं. मग बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की त्या खुणेनं मला कोणी कधी हाक मारली नव्हती. मी येते आहे हे एकमेकींना सांगायची ती खूण होती, म्हणजे मी यायच्या आत चाललेला विषय थांबवता यावा.

शाळा सुरू झाली तशी मी रविवारी जाऊ लागले. शनिवारी शाळा सुटली की सोमवारच्या पहिल्या तासापर्यंत माझ्या तोंडून निघालेले शब्द मोजावे इतके थोडे. कंडक्टरला 'एक समुद्रपूर', मेसवालीला 'पुरे', घरमालकाच्या सुनेला 'हो, आली'. परतताना कानांत रेचे चालूच असायचे. पिपरी मेघेच्या खोलीत येऊन केस झटकले की रुई पडायची. थंडी वाढली होती. आजूबाजूच्या घरांतून टीव्हीचे आवाज यायचे, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची, आणि मी गादीवर बसून पत्रक लिहायची. हो, पत्रक. दुसरं मला काय येतं? कोणावर, कधी, काय झालं. मागणी एकच, सरांना परत घ्या. चांगलं झालं होतं, आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात आखूड. पण वाटायचं कोणाला? चौक होता, माणसं होती, पण हे कोणाचं दुखणं होतं?

फेलोशिपच्या शिक्षकांचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यात टाकलं. जिल्ह्याभरातले शिक्षक. कोणी डाळमिलमध्ये, कोणी दूधवाल्यांकडं, कोणी वीटभट्टीवर गेलेले. पहिलं उत्तर हात जोडल्याचं चिन्ह आलं. मग आणखी एक हात जोडलेले. मग एक रांगच आली जोडलेल्या हातांची. एका सरांनी लिहिलं, 'मॅडम, पॉझिटिव्ह राहा.' त्याखाली कोणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं, त्यावर सुप्रभात. एकीनं वेगळा निरोप पाठवला, 'तुमचं अगदी बरोबर आहे, पण माझं नाव कुठं घेऊ नका.' अहो बाई, तुम्ही काही म्हणालाच नाहीत तर नाव घेऊ कशाचं?

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी सरांच्या गावी गेले. बसमधून उतरले तर पारावर त्यांच्या शाळेतल्या पोरी बसल्या होत्या. सरांचं घर विचारलं. एकीनं माझ्याकडं खालपासून वर पाहिलं.

"तुमी फेलशिपवाल्या मॅडम काय?"

"फेलोशिप. हो."

"आमचे सर फेल झाले न त्याच्यात?"

तिला कोणाचा अपमान करायचा नव्हता. गावात तो शब्द तसाच पोचला होता. बापलोक कापूस घेऊन जिनिंगवर जातात, तिथून गोष्ट आली, आणि शब्दातच 'फेल' असल्यावर कोणाला शंका येणार?

सर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला पाहून एवढ्या मोठ्यानं 'या मॅडम' म्हणाले की शेजारची म्हातारी बाहेर आली. काकूंनी चहा ठेवला. सरांनी पहिल्यांदा माझ्या शाळेचं विचारलं, मग मावशीचं विचारलं, मग फिटरचं. स्वतःचं काही नाही. मीच म्हटलं, "सर, पोरी म्हणत होत्या..."

"फेल? हो न. फेलोशिपमधलं फेल तेवढं माह्या वाट्याले आलं, अन् शिप गेलं तुमच्याकडं." ते हसले. शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "त्याचं काई नाई बेटा. पण वर्गात एक गंमत होऊन राह्यली. एखांद्यानं हात वर केला का बाकीचे आग आग करते. मी बी हासतो. न हासून सांगतो कोणाले? पण ज्याले खरंच विचाराचं असते, त्याचा हात आता वर येत नाई."

काकू दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

"सर, तुम्ही त्या दिवशी विचारणार काय होते?"

"ते का? पोरं आली त उभी कुठं राह्यतील, हेच. पट्ट्यापासून दूर पाह्यजे न. अन् दूर असून दिसलं बी पाह्यजे, नाई त पोरं सरकत सरकत जवळ जाते. तो खांब होता न, भिंतीकडचा, त्याच्याजवळ मले बरं वाटलं. फिटरले म्हणणार होतो, इथं उभे केले त चालल का, बाबू?"

चहा आला. मी प्याले. सरांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि आवाज पहिल्यांदाच खाली आणला.

"मले नका घेऊ म्हणा. मी नाई येत. माह्या पोरायले तेवढं घ्या म्हणा. मी पक्कं म्हणून बसलो."

पुढच्या रविवारी मी मॅनेजरसमोर बसले. खुर्ची होतीच. म्हटलं, माझी फेलोशिप पूर्ण होईल, जोडशाळेचा दिवस मिळेल, त्या दिवशी माझ्या शाळेऐवजी सरांची शाळा आणते.

"असं कसं मॅडम? जोड त तुमच्यासंगं हाय."

"साहेब, आमच्या पोरांच्या घरी वांगी पिकतात. कापूस त्यांच्या घरी पिकतो. तुमच्या गंजीत त्यांच्या बापांचा कापूस आहे."

"मंग वांग्याचं भरीत खाऊ घाला एखांद्या दिवशी," ते म्हणाले आणि हसले. मी हसले नाही तशी त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मॅडम, खरं सांगू? मी मालकाले विचारलं होतं. त्या शाळेचं नाव काढलं का त्यायले थो दिवस आठवते. नाई म्हणले. माह्या हाती नाई."

"त्या दिवशी सर पोरांना उभं करायची सुरक्षित जागा शोधत होते."

त्यांना ते लागलं, मला दिसलं. "मले का माहीत?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही विचारलं, हात काऊन वर केला. सांगायचं काय होतं, ते कोणी विचारलं नाही."

"मॅडम, तुमची शाळा घेऊन येजा. सगळं चांगलं करतो."

मी माझ्या शाळेत येऊन हेडसरांना म्हटलं, आपण जाऊ नये. सरांना घेत नसतील तर आपण तो दिवस नाकारावा. हेडसर समजूतदार माणूस. त्यांनी मला विचारलं, "दुसऱ्याच्या पोरांसाठी आपल्या पोरांचं नुकसान करता का मॅडम? आपली पोरं कधी पवनारच्या पुलापलीकडं कारखाना पाहायला गेली?" मी आमच्या नववीच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि बस ठरवली.

संक्रांतीनंतर आम्ही गेलो. आदल्या दिवशी मैदानात सगळ्यांना उभं करून मी खुणा शिकवल्या, आधी आगीची, मग बाकीच्या. पोरांनी मॅनेजरची खूण सगळ्यात लवकर उचलली. जिनिंगमध्ये आमचं स्वागत झालं, गुलाबाची फुलं मिळाली, उपमा मिळाला. पोरांना मी भिंतीकडच्या खांबाजवळ उभं केलं. जागा बरोबर होती. पट्टा दूर होता, रेच्यातून रुई कशी सुटते ते शेवटच्या पोराला दिसत होतं, आणि कोणी एक पाऊल पुढं सरकलं नाही. भाजीवाल्यांची पोरं तोंडं उघडी टाकून पाहत होती. त्यांना आनंद झाला, मी तो नाकारणार नाही.

मावशी ओट्यावर होती. तिनं मला पाहिलं, मग पोरांकडं पाहिलं, मग तळहातावर बोट फिरवून ती लिहिणाऱ्याची खूण केली आणि दोन्ही हात उघडे करून भुवया उंचावल्या. दुसरे, म्हणजे सर, कुठं आहेत?

तिनं मला इतक्या खुणा शिकवल्या, पण याचं उत्तर देता येईल अशी एकही मला येत नव्हती. मी मान हलवली. ती परत कापूस सारायला लागली.

त्या दिवसाचे फोटो माझ्या शाळेच्या भिंतीवर लागले आहेत. लोक मला चांगलं झालं म्हणतात. स्टाफरूममध्ये हा विषय मी काढला की आता खुर्च्या सरकतात, कोणाला तास आठवतो, कोणाला फोन येतो. सर मला फोन करतात तेव्हा नववीचं काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आम्ही तुरीबद्दल आणि थंडीबद्दल बोलतो.

आता तुम्ही ऐका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची ना कोणाची या जिल्ह्यात जिनिंग आहे, डाळमिल आहे, तेलमिल आहे, सूत काढायचा कारखाना आहे, किंवा जो तिथं बसतो तो तुमचा मामा, साडू, वर्गमित्र आहे. मला सही नको. पाठिंबा नको. जोडलेले हात तर अजिबात पाठवू नका, ते माझ्याकडं भरपूर जमले आहेत. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या शाळेची पोरं अजून नववीतच आहेत, परीक्षा लागायची आहे आणि हंगाम अजून संपलेला नाही. एका सकाळी तुमचं फाटक त्यांच्यासाठी उघडा. सत्कार करू नका. आधी सरांना आत घेऊन जा, सगळं दाखवा, काय करायचं नाही तेही सांगा, आणि त्यांना काय विचारायचं आहे ते ऐकून घ्या. पोरांना एसटीनं आणायचं काम माझं.

कोणत्या दिवशी आणू, तेवढं सांगा.